बिग-बिगर-बिगेस्ट तोंडपाठ आहे, वाक्य मात्र जुळत नाही

संत्र्याची फोड (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार मंडळी,

मी संध्याकाळी सहा ते साडेसात घरीच आजूबाजूच्या मुलांचं इंग्रजी घेते. तिसरी ते सहावीची नऊ मुलं आहेत, बहुतेक मराठी माध्यमाची. सध्या विशेषणांच्या तुलनेवर आलो आहोत आणि दोन आठवडे गाडी तिथेच अडली आहे.

तक्ता सगळ्यांना पाठ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी 'टॉल-टॉलर-टॉलेस्ट, गुड-बेटर-बेस्ट' म्हणतील. पण परवा चौथीतल्या एका मुलाला म्हटलं, तुझ्या भावाबद्दल एक वाक्य सांग, तर म्हणाला, 'माय ब्रदर इज मी दॅन बिग.' अरे, मग वहीतलं 'बिगर' कुठे गेलं? तर नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्या तक्त्याचा आणि या वाक्याचा काही संबंध आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

रात्री वही तपासताना ते वाक्य मराठीत म्हणून पाहिलं. 'माझा भाऊ माझ्यापेक्षा मोठा आहे.' पोराने शब्दाला शब्द लावून तेच तर म्हटलं होतं! आपल्याकडे तुलनेचा सगळा भार 'पेक्षा'वर, आणि हा 'पेक्षा' ज्याच्याशी तुलना करायची त्याच्या पाठीला चिकटतो. 'मोठा' जागचा हलत नाही. मोठा आहे, माझ्यापेक्षा मोठा आहे, सगळ्यात मोठा आहे, 'मोठा' तसाच. इंग्रजीत विशेषणालाच शेपूट फुटतं, शिवाय 'दॅन' हवाच, आणि तोही नावाच्या आधी. म्हणजे एका वाक्यात दोन नव्या सवयी लावायच्या. आणि आपण मुलाच्या हातात देतो तीन रकान्यांचा तक्ता, ज्यात 'दॅन' औषधालाही नाही.

म्हणून तक्ता मिटवला. शनिवारी बाजारातून डझनभर संत्री आणली. आंबिया बहाराची आहेत, सध्या स्वस्त मिळतात. ताटात तीन ठेवली, लहान, मधलं, मोठं. वही-पेन बंद. फक्त बोलायचं. 'धिस ऑरेंज इज बिगर दॅन दॅट ऑरेंज.' प्रत्येकाने संत्रं हातात घेऊन म्हणायचं. मग कोणीतरी म्हणालं, ताई, मोजून पाहू. शिवणाचा दोरा आणला, संत्र्याभोवती गुंडाळला, पट्टीवर लावला. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आला.

आणि तिथे गंमत झाली. सगळ्यात मोठं संत्रं मधल्यापेक्षा हलकं निघालं! आपलं संत्रं ढिल्या सालीचं, त्यातून हे फुगलेलं, आतून पोकळ. मुलांचा विश्वास बसेना. काट्यावर तीनदा ठेवून पाहिलं. पाचवीतली एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, 'धिस इज बिगर... पण... लाइटर.' मी फक्त 'पण'च्या जागी 'बट' दिलं. वाक्य तिचं होतं.

त्या दिवशी नऊच्या नऊ मुलं एक तरी तुलनेचं वाक्य न अडखळता बोलली. आता अडचण पुढची. स्पेलिंग कधी आणायचं? 'मोर' आणि 'मोस्ट' कसं समजवायचं? आणि आपल्या एका 'मोठा'चे इंग्रजीत चार शब्द होतात, त्याचं काय करायचं? जाणकारांनी सांगावं, मी वाट बघते आहे.


काटोलकर गुरुजी

ताई, मनापासून आवडलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. २००० सालापासून आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हापासून हा पाठ दरवर्षी घेतो आहे. संत्र्यांना आमच्या भागात तोटा नाही, पण काट्यावर ठेवायचं मला कधी सुचलं नाही. उद्याच करतो.

'दॅन'बद्दल एक भर घालतो. नागपूरकडची मुलं घरी मराठी आणि गल्लीत हिंदी बोलतात. हिंदीत 'मुझसे बड़ा'. तो 'से' मुलांच्या डोक्यात 'फ्रॉम' होऊन बसलेला असतो. म्हणून 'ही इज टॉलर फ्रॉम मी' असं वाक्य येतं. मी फळ्यावर दोन डबे काढतो. पहिल्या डब्यात शेपूट लागलेलं विशेषण, दुसऱ्यात 'दॅन', आणि दोन्ही डबे साखळीने जोडलेले. एक डबा हलला की दुसरा हललाच पाहिजे. मुलं वाक्य बोलताना हवेत साखळी ओढून दाखवतात. लिहिताना 'दॅन'मध्ये ए आणि 'मग' या अर्थाच्या 'देन'मध्ये ई, एवढंच लक्षात ठेवायला सांगतो.

मी मुलांनाच रांगेत उभं करतो. उंचीप्रमाणे. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. सामान काही लागत नाही, पोट्टे खूश असतात आणि वर्गातले चाळीसच्या चाळीस जण धड्यात येतात.


दोन लेकरांची आई

गुरुजी, राग मानू नका, पण रांगेबद्दल मला बोलायचंच आहे.

मी पाचवीत असताना आमच्या वर्गात हाच पाठ असा घेतला होता. आधी उंची झाली. मग शिकवणाऱ्यांनी आम्हा तीन मुलींना पुढे बोलावलं आणि 'फेअर' शब्द घेतला. फेअर, फेअरर, फेअरेस्ट. मग उलट्या बाजूने 'डार्क'. मी शेवटची होते. वर्गात कोणी हसलं नाही, शिकवणाऱ्यांच्या मनातही काही वाईट नसावं. पण 'डार्केस्ट' हा शब्द मी त्या दिवशी शिकले तो असा. आज चाळिशीत आहे, तो तास कुठल्या खिडकीजवळ उभी राहून काढला, ते मला आठवतं.

उंची, वजन, रंग, मार्क. मुलांना यांवरून एकमेकांशी मापणारे घरीदारी खूप असतात. इंग्रजीच्या तासाला तरी ते नको. संत्री आहेत, पेन्सिली आहेत, झाडं आहेत. त्यांना वाईट वाटत नाही.


काटोलकर गुरुजी

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. रंगाचं उदाहरण मी कधी घेतलं नाही आणि घेणारही नाही. पण रांगेत सगळ्यात बुटका म्हणून उभं राहणाऱ्या मुलाला काय वाटतं, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं, हे मान्य करतो.

तरी मुलांना धड्यात आणायचा माझा हट्ट आहे. मूल स्वतःबद्दल बोलतं तेव्हा भाषा लवकर येते. म्हणून असं करता येईल का: कोणाचं नाव सगळ्यात लांब, कोणाचं घर शाळेला सगळ्यात जवळ, कोण सगळ्यात आधी उठतं, कोणाचं दप्तर सगळ्यात जड. लाँगेस्ट नेम, निअरेस्ट हाऊस, अर्लिएस्ट, हेविएस्ट बॅग. आमच्याकडे शेतावरून येणारी मुलं आहेत, 'द फार्देस्ट हाऊस' म्हणून एखाद्याची मान ताठ होईल.


दोन लेकरांची आई

हे चालेल. दप्तराचं तर नक्की घ्या.


शब्दांच्या गावी (धरमपेठ)

संत्र्याची फोड ताई, तुम्ही म्हणता ते बोलीपुरतं अगदी बरोबर. आपल्या चालू मराठीत विशेषणाला तुलनेचं शेपूट लागत नाही. पण मुलांच्या रोजच्या अभ्यासात ती शेपटं आहेत, फक्त आपण त्यांच्याकडे बोट दाखवत नाही.

गणितातला लसावि आणि मसावि घ्या. लघुतम साधारण विभाज्य, महत्तम साधारण विभाजक. लघु म्हणजे लहान, लघुतम म्हणजे सगळ्यात लहान. सहावीचं मूल हा शब्द शंभर वेळा लिहितं. 'तर' आणि 'तम' संस्कृतातून आलेले. उच्च, उच्चतर, उच्चतम. तीन पायऱ्या, इंग्रजीसारख्याच.

आणि याहून जवळचं नातं दुसऱ्या शेपटाशी आहे. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ, पापिष्ठ. हे 'इष्ठ' म्हणजे 'सगळ्यात'. बल असलेला तो बली, सगळ्यांत बली तो बलिष्ठ. इंग्रजीतला 'एस्ट' आणि हा 'इष्ठ' एकाच मूळ घराण्यातले आहेत, हे भाषांचा इतिहास अभ्यासणाऱ्यांनी केव्हाच मांडून ठेवलं आहे. 'स्वीटेस्ट' आणि संस्कृतातला 'स्वादिष्ठ' शेजारी ठेवून मोठ्याने म्हणा, कानालाच कळतं. मी माझ्या नातीला हे सांगितलं तेव्हा ती घरभर 'टॉलिष्ठ, स्मॉलिष्ठ' करत फिरली. दोन दिवसांनी 'टॉलेस्ट' कायमचं बसलं.

'मोर बेटर' म्हटलं म्हणून मुलांना रागावूही नये. आपण सर्वश्रेष्ठ म्हणतो, श्रेष्ठतम म्हणतो. श्रेष्ठमध्येच 'सगळ्यात' आलेलं असताना आपण वर आणखी एक चढवतो. मुलाला एवढंच सांगावं की इंग्रजीत एका वेळी एकच.


संत्र्याची फोड

लसावि! रोज ज्या मुलांना लसावि काढताना बघते, त्यांना 'लघुतम' म्हणजे काय, हे मी एकदाही विचारलं नाही. काल विचारलं. नवापैकी दोघांना माहीत होतं. बाकीचे म्हणाले, ताई, ते तर नाव आहे. मग फळ्यावर 'लघुतम' आणि 'स्मॉलेस्ट' एकाखाली एक लिहिले. इंग्रजीच्या तासात गणित सुटलं.


मोठ्या पोराची माय

ताई, माह्या पोराले मोर-मोस्ट काही केल्या समजत नव्हतं. 'मोर ब्युटिफुल' वाचलं की त्याच्या डोळ्यासमोर पक्षीच येई. वहीत शब्दार्थ लिहिला होता, 'मोर ब्युटिफुल: मोर सुंदर आहे.' आणि बाजूले मोराचं चित्र. मले त्याले चूक म्हणवत नव्हतं, चित्र इतकं सुंदर काढलं होतं. आता तुम्हीच सांगा बाप्पा, कुठे 'मोर' लावायचा आन् कुठे शेपूट?


निवृत्त मास्तर (महाल)

मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. माय, तुमच्या पोराचं ते चित्र जपून ठेवा.

नियम कानाने शिकवावा, डोळ्याने नाही. हनुवटीखाली हात धरायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा. हनुवटी जितक्या वेळा खाली येते, तितके ठोके. टॉल, एक. हॅ-पी, दोन. ब्यु-टि-फुल, तीन. एक ठोका असेल तर शेपूट. तीन किंवा जास्त असतील तर शब्द आधीच लांब, त्याला शेपूट पेलत नाही, म्हणून आधी 'मोर', 'मोस्ट'. दोन ठोक्यांचा शब्द 'वाय'ने संपत असेल तर बहुधा वायचा आय करून शेपूट: हॅपिअर, हेविअर. बाकीचे दोन ठोक्यांचे शब्द थोडे आडमुठे. 'क्लेव्हर'ला दोन्ही चालतात, 'केअरफुल'ला 'मोर'च लागतो. ते वाचनातून येतात, पाठांतरातून येत नाहीत.

देवनागरीत लिहून ठोके मोजू नका. 'लाँग' आपण दोन अक्षरांत लिहितो, पण ठोका एकच. मराठी माध्यमाची मुलं इथेच फसतात, कारण आपल्याला अक्षरं मोजायची सवय.

आता स्पेलिंग. 'बिगर'मध्ये दोन जी काहून? मुलं हमखास विचारतात आणि आपण 'नियम आहे' म्हणून मोकळे होतो. फळ्यावर 'टायगर' लिहा. त्यात जी एकच. एक जी असला की आधीचा आय मोकळा सुटतो आणि 'आय' असाच बोलतो: टाय-गर. 'बिग'ला एका जीने ईआर लावलं तर मूल वाचेल 'बायगर'. म्हणून दुसरा जी भिंतीसारखा उभा करायचा, की आय आत 'इ'च राहील. मुलांच्या वह्यांवरच पाहा, 'रायटिंग'मध्ये टी एक, 'रिटन'मध्ये टी दोन. हॉट-हॉटर, थिन-थिनर, फॅट-फॅटर, सगळे याच भिंतीचे. विदर्भातलं पोरगं 'टायगर' विसरत नाही.


संत्र्याची फोड

सर, 'बायगर' ऐकून माझी मुलं लोटपोट झाली आणि त्यानंतर एकानेही एका जीचं 'बिगर' लिहिलं नाही. स्पेलिंग कधी आणायचं या माझ्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. आधी तोंडात वाक्य, मग कानात ठोके, मग वहीत भिंत.

आता 'मोठा'. मुलांबरोबर यादी केली. मोठा भाऊ, मोठी खोली, मोठा आवाज, मोठी माणसं. इंग्रजीत भाऊ 'एल्डर', खोली 'बिगर' किंवा 'लार्जर', आवाज 'लाउडर'. 'माय ब्रदर इज बिगर दॅन मी' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल भाऊ अंगाने थोराड आहे. पुन्हा 'एल्डर'नंतर 'दॅन' येत नाही, तो भावाच्या आधीच बसतो: 'माय एल्डर ब्रदर'. 'दॅन' हवा असेल तर 'ओल्डर'. 'उंच'चंही तसंच. माणूस, झाड, इमारत 'टॉल', डोंगर 'हाय'. पहिल्या दिवशीच्या त्या मुलाने आता स्वतःहून विचारलं, 'ताई, भाऊ वयाने मोठा सांगू का अंगाने?' मी म्हटलं, दोन्ही सांग. 'ही इज ओल्डर दॅन मी. आय ॲम टॉलर दॅन हिम.' तिसरीतल्या छोटीने लगेच विचारलं, हे कसं काय? मग सगळ्यांनी मिळून तिला समजावलं.

'बेस्ट'ची मात्र पंचाईत होते. आपण मराठीत 'चहा बेस्ट झाला' म्हणतो, म्हणजे चांगला झाला. त्यामुळे मुलं 'व्हेरी बेस्ट' म्हणतात. आपल्या बोलीत तो शब्द 'सगळ्यात' हा अर्थ केव्हाच सांडून बसला आहे. यावर उपाय कोणाकडे आहे का?


इंदोरा चौक

'बेस्ट'वर माझ्याकडे उपाय नाही, पण शेपटांच्या तिन्ही पायऱ्या शिकवायला आपलं गावच पुरे आहे.

उन्हाळ्यात पेपरात विदर्भातल्या शहरांच्या कमाल तापमानाचा चौकोन येतो. एप्रिल-मे भर तो कापून ठेवा. नागपूर, वर्धा, अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी. रोज सकाळी मुलांनी तीन वाक्यं बोलायची. 'चंद्रपूर इज हॉटर दॅन नागपूर.' कालचा 'हॉटेस्ट' आज नसतो, त्यामुळे पाठ करून चालत नाही, रोज आकडा वाचावा लागतो. मग सांगायचं की नागपूरचा आजवरचा 'हॉटेस्ट डे' २३ मे २०१३, ४७.९ अंश. त्या दिवशी घरात काय केलं होतं, ते मुलं आईबाबांना विचारून येतात.

आणि 'लाँग'साठी मेट्रो. वर्धा रोडचा डबल डेकर पूल ३.१४ किलोमीटरचा, २०२२ मध्ये गिनीजमध्ये जगातला सगळ्यात लांब म्हणून नोंदला गेला. त्यानंतर २०२४ मध्ये आमच्या कामठी रोडचा सुरू झाला, साडेपाच किलोमीटरच्या वरचा. माझा भाचा वर्धा रोडला राहतो, माझी मुलगी इंदोऱ्याला. दोघांचं इंग्रजीत भांडण लावून दिलं. तो म्हणे 'लाँगेस्ट इन द वर्ल्ड', ती म्हणे 'अवर ब्रिज इज लाँगर दॅन युवर ब्रिज'. 'युवर्स' म्हण, हे मी नंतर सांगितलं. भांडण चालू असताना अडवलं नाही.


दहावीची काळजी

लहान मुलांचं छान चाललंय. माझी मुलगी दहावीला आहे आणि 'नो अदर', 'व्हेरी फ्यू' मध्ये रोज रडते. एकच वाक्य तीन प्रकारे फिरवायचं. तिला अर्थच लागत नाही, नुसते शब्द इकडचे तिकडे करते.


निवृत्त मास्तर (महाल)

आधी मराठीत फिरवून घ्या. आपल्याकडे तिन्ही रूपं तयार आहेत.

'कळसूबाई महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आहे.' 'कळसूबाई महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्याही शिखरापेक्षा उंच आहे.' 'महाराष्ट्रात कळसूबाईइतकं उंच दुसरं शिखर नाही.' उंची तीच, १६४६ मीटर, तिन्ही वाक्यांत एक मीटर कमी-जास्त होत नाही. हे तिला आधी पटू द्या. मग 'सगळ्यात'च्या जागी 'द हायेस्ट', 'दुसऱ्या कोणत्याही पेक्षा'च्या जागी 'हायर दॅन एनी अदर', 'इतकं... दुसरं नाही'च्या जागी 'नो अदर... ॲज हाय ॲज'. 'अदर' म्हणजे आपलं 'दुसरं'. ते गाळलं तर कळसूबाई स्वतःपेक्षाच उंच व्हायची. एवढं कळलं की मुली 'अदर' विसरत नाहीत.

'व्हेरी फ्यू' त्यानंतर. तिथे शिखर एकटं नसतं, 'सगळ्यात उंच शिखरांपैकी एक' असतं. म्हणून 'वन ऑफ द'.


दहावीची काळजी

सर, काल रात्री जेवताना मराठीतच फिरवली वाक्यं. आमच्या ह्यांनी पण भाग घेतला. 'या घरात आईइतकं उशिरा दुसरं कोणी जेवत नाही.' हे वाक्य मुलीने स्वतः केलं आणि मग इंग्रजीत नेलं. पेपरात काय होईल ते होवो, काल रडली नाही.


संत्र्याची फोड

सगळ्यांचे आभार. धागा सुरू करून महिना होत आला, काय काय केलं ते लिहिते.

दोन लेकरांच्या आईचं बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. माझ्या वर्गात एक मुलगा वयाच्या मानाने फार लहानखुरा आहे. मी कधी रांग लावली नव्हती, पण बाकीची मुलं खेळताना त्याला आधीच 'शॉर्टेस्ट' म्हणायला लागली होती. मीच शिकवलेला शब्द. तो काही बोलत नव्हता, फक्त तुलनेच्या तासाला मागे बसायचा.

जूनमध्ये वर्ग सुरू झाला तेव्हा 'माय हँड' या धड्यासाठी सगळ्यांनी वहीच्या खाकी कव्हरच्या कागदावर आपापला पंजा ठेवून पेन्सिलने गिरवला होता. ते कागद माझ्याकडे पडून होते. परवा बाहेर काढले. प्रत्येकाने आपल्याच जुन्या पंजावर आजचा हात ठेवायचा. दुसऱ्याच्या कागदाकडे बघायचं नाही. ज्याचा त्याचा दोरा, ज्याची त्याची पट्टी.

नवाच्या नऊ जणांची बोटं रेघेबाहेर आली होती. कोणाची दोराभर, कोणाची जास्त. लहानखुऱ्या मुलाने हात कागदावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मधलं बोट पेन्सिलच्या रेघेच्या चांगलं पुढे गेलं होतं. 'माय फिंगर इज लाँगर,' तो म्हणाला, आणि थांबला. 'दॅन' कशाशी जोडायचा, ते त्याला सुचत नव्हतं. मी काही बोलले नाही. मग त्याने त्या खाकी कागदावर बोट टेकवलं.

'दॅन जून.'